मुख्य दरवाज्यावरचा चौकीदार

‘वडिलांच्या मोबाइलवर आलेला नंबर टाका.’

लॅपटॉपवर ही ओळ उमटली आणि समीक्षाला स्वतःचाच राग आला. ओळ तिनेच लिहिली होती.

समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट तिनेच बनवली होती. मुलीच्या पानाच्या पोटात आणखी तीन पानं: फोटो, शिक्षण आणि आलेल्या स्थळाला द्यायचं उत्तर. निदान उत्तराचं पान तरी बाहेर काढू, मुलगी स्वतः उत्तर देईल, असं तिने सुचवून पाहिलं होतं. मंडळाचे अध्यक्ष मारोतराव स्टील प्लांटात तिच्या बाबांच्याच शिफ्टला. त्यांनी शांतपणे चहा बशीत ओतला.

"बेटा, मुख्य दरवाज्यावर एक चौकीदार बसव. मंग आतल्या खोल्याइले कुलूप कायले पाहिजे?"

वेबवाले याला मिडलवेअर म्हणतात. वरच्या पत्त्यावर एकदा बसवला, की आतला प्रत्येक पत्ता त्याला विचारूनच उघडतो. समीक्षाचा चौकीदार वडिलांच्या मोबाइलवर गेलेला नंबर मागायचा. मारोतरावांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहाऱ्यातलं मात्र सगळं कळत होतं. पहिलं नाव त्यांनी आपल्या मुलीचं, नलूचंच चढवलं. नलू शेजारीच बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही, पुढे स्थळ आलं तेव्हाही नाही.

समीक्षालाही कोणी विचारलं नव्हतं. अहिवारा गावचं स्थळ तिच्या बाबांना, तेजरामांना, पसंत होतं. मुलाने पहिल्याच भेटीत ती नोकरी कधी सोडणार ते विचारून घेतलं होतं. शिफ्टवरून आले की बाबा होकार टाकणार होते, आणि एकदा नोंदलेलं उत्तर फिरवायची मंडळात रीत नव्हती. आईने, कौशल्याने, या सगळ्यात फक्त पोहे केले होते.

चौकीदार उठवायला एक ओळ पुसली की झालं असतं. पण मग तो नकार चोरीचा ठरला असता, आणि मान बाबांची खाली गेली असती. समीक्षाला ते नको होतं.

स्वयंपाकघरात फोन वाजला. बाबांचा फोन पिठाच्या डब्यावर असायचा. कोक ओव्हनच्या भट्टीच्या धगीत एकाचा फोन बिघडला, तेव्हापासून त्या शिफ्टचे सगळेच आपापले फोन घरी ठेवून जात.

आईने कणकेचे हात पुसले आणि फोन डोळ्यांपासून लांब धरला. आता म्हणेल, बाबा आल्यावर पाहू, असं समीक्षाला वाटलं.

"काय टाकून राहिली? हो का नाही?"

"नाही."

आईने एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. पान उघडलं. नकार नोंदला गेला. बाबाले मी सांगीन, एवढं म्हणून आई पुन्हा परातीपाशी बसली.

"आता नलूच्या मायले फोन लाव," ती कणीक तिंबत म्हणाली. "ते बिचारी सकाळपासून मारोतरावाचा फोन हातात धरून बसली आहे."