साधा आजार

सुनेने फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला, तशी शिवणकाकूंनी खुर्ची मागे ओढली. सगळी गल्ली त्यांना शिवणकाकूच म्हणायची. उजवा डोळा लालभडक झाला होता, त्या बाजूचं कपाळ ठणकत होतं आणि सकाळी खाल्लेलं सगळं उलटून पडलं होतं. पण काकूंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

“दवाखान्यात न्यायला पाय दुखतात वाटतं तुझे?”

“आई, साध्या आजारांना हल्ली घरूनच दाखवतात. सर्दी, खोकला, पुरळ... हे बघा, इथे लिहिलंयच, डोळे येणे.” सुनेने पडद्यावर बोट ठेवलं.

डाव्या डोळ्यालाही हल्ली धूसरच दिसायचं; काकूंना ते दिसलं नाही. “दिसलं,” त्या म्हणाल्या.

सुनेवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. ही पोर हल्ली कापायच्या टेबलाशी घुटमळायची, तयार कपडे उलटेपालटे करून बघायची. परवा खिडकीत उभी राहून नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती, तेव्हा “आईंचं मशीन” एवढेच शब्द काकूंच्या कानावर पडले होते. तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं, की आपल्याला आंधळी ठरवून मशीन विकून टाकायचा घाट आहे. हा फोनमधला डॉक्टरही हिच्याच ओळखीतला असणार.

पडद्यावर एक चेहरा उगवला. कानात इअरफोनची बोंडं, मिशी नुकती फुटलेली.

“आजी, काय होतंय?”

“आजी कुणाला म्हणतोस? आणि तू खरा डॉक्टर कशावरून?”

सुनेने जीभ चावली. डॉक्टर मात्र रागावला नाही. “बरं, मावशी. माझं नाव आणि नोंदणीचा नंबर खाली दिसतोय. वाचून खात्री करून घ्या.”

काकूंनी डोळे बारीक केले. खाली नुसता पांढरा धूर होता. “असू दे, असू दे.”

तो एकेक विचारत गेला. कधीपासून दुखतंय, उलटी कधी झाली. मग म्हणाला, “दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का?”

काकू दचकल्या. हे याला कुणी सांगितलं? रोज संध्याकाळी दिवा लावला की ते कडं दिसायचं, आणि त्याबद्दल त्या कुणापाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

“छे! कसलं कडं?”

“डावा डोळा तळहाताने झाका. वहिनी, तुम्ही दाराशी उभं राहून हातात काहीतरी धरा. मावशी, काय आहे ते सांगा.”

काकूंसमोर सगळं करडं होतं, आणि त्यात कुठेतरी सून. “कात्री,” त्या ठणकावून म्हणाल्या. “शिवणाच्या खोलीत दुसरं काय असणार?”

सुनेने फोनकडे पाहिलं.

“आई,” सून हळूच म्हणाली, “मी अजून काही उचललंच नव्हतं.”

“फसवलंस मला!”

“नाही हो.” ती फोनकडे वळली. “डॉक्टर, बरेच दिवस यांची शिवण तिरपी जातेय. दुपारी या जरा पडल्या की मी ती उसवते आणि परत घालते. गिऱ्हाइकांना कळू दिलं नाही. यांनाही बोलले नाही. मशीन सुटलं तर या हाय खातील, असं आमच्या ह्यांच्याकडे तेवढं बोलले होते.”

काकूंचे कान तापले. आपल्या शिवणीला दुसऱ्याचा हात लागला आणि आपल्याला पत्ताही नाही! कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

“मावशी, हे डोळे येणं नाही,” डॉक्टर म्हणाला. “डोळ्यातला दाब वाढलाय, असा मला दाट संशय आहे. औषध लिहून देऊन भागणार नाही. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जा. आज गेलात तर काही वाचेल. उद्याचं मी सांगू शकत नाही.”

“कळलं. आता तुझ्या दवाखान्याचं नाव सांग.”

“मी फार लांब आहे, मावशी. जो जवळ असेल तिथे जा. पण जा. निघा.”

आणि त्यानेच फोन बंद केला. जो माणूस स्वतःकडे बोलवतच नाही, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कसा, हे काकूंना कळेना. त्या उठल्या तर दार सापडेना. सुनेने त्यांच्या पायात चपला सरकवल्या, दंड धरला. काकूंनी तो सोडवून घेतला नाही.

गाडीत त्या डोळे मिटून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “उसवताना कुणाचं कापड नाही ना फाडलंस?”

“एकदा फाटलं. मास्तरीणबाईंचा झगा.”

“मग?”

“आतून पट्टी लावली.”

“हं,” काकू म्हणाल्या. “आतून लावलीस ते बरं केलंस.”

दवाखान्यात औषधाचे थेंब घातले, सुई टोचली, मग लेझर झालं. डाव्या डोळ्यालाही तोच धोका होता, तो टळला. उजव्यात नुसता उजेड उरला. “अजून उशीर झाला असता तर तोही गेला असता,” तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकूंनी ते निमूट ऐकून घेतलं आणि विचारलंच, “त्या फोनवाल्याची आणि तुमची ओळख नाही ना?”

पुढे कधीतरी एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. मशीनवर सून बसली होती. शेजारच्या खुर्चीत काकू, मांडीवर नुकता शिवलेला कपडा घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवत होत्या.

“काय हो काकू, आता सगळं सूनच करते वाटतं?”

“ती शिवते,” काकू म्हणाल्या. “मी नजर ठेवते.”