आधीचं हसू

रविवारी दुपारी वारूळवाडीच्या घरात अश्विनी, तिचा नवरा सुदर्शन आणि सहा वर्षांची आरोही टीव्हीवर कार्टूनचा सिनेमा बघत होते. त्यात दोन भावंडं यंत्रात बसून जुन्या काळात गेली होती.

आरोही प्रत्येक गमतीला आधीच हसत होती. ती हसायची आणि मग पडद्यावर कुणीतरी धपकन पडायचं.

"हा कुठं बघितला व्हता गं?" अश्विनीनं संशयानं विचारलं.

"कुटंच नाय."

"अगं, आज पयल्यांदाच लागलाय," सुदर्शन म्हणाला.

अश्विनी आता लेकीवरच नजर ठेवून बसली.

तेवढ्यात आरोही हुंदके देऊन रडू लागली. अश्विनीनं पटकन टीव्हीकडं पाहिलं. भावंडं आनंदानं नाचत होती आणि त्यांचा नाच काही थांबेना.

मग तिच्या लक्षात आलं, आरोही टीव्हीकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघत होती.