त्याच्या अंगावरच्या पिसवा

फवारणीवाल्याने गालिच्याचं टोक उचललं आणि विचारलं, “कुत्रं कुठंय?” बापाने छाती फुगवून सांगितलं, “पिसवा झाल्या म्हणून गाडीत घालून लांब सोडून आलो. कटकट गेली मुळासकट.” “डोंबल गेली! अहो, पिसवा कुत्र्यावर मूठभर, घरात पोतंभर. त्याला औषध लावून इथेच फिरवायचं होतं. त्याच्यावर उड्या मारून सगळ्या मेल्या असत्या. आता त्यांना तुमचेच पाय उरलेत.” बापाने दाराकडे पाहिलं. गेले आठ दिवस दारावर नखांचा आवाज त्याला एकट्यालाच येत होता; उघडलं की बाहेर काळं कुत्रंही नसायचं. फवारणीवाल्याने पंप खांद्याला लावला, तशी सहा वर्षांची लेक कुत्र्याच्या गोधडीवर पालथी पडली. पोटऱ्या चाव्यांनी लाल झालेल्या. “ऊठ बाळा, आता मरतील सगळ्या.” “नको ना मारू, बाबा,” ती म्हणाली, “त्यांच्या पोटात त्याचं रक्त आहे.”