मोठं नाव

म्हाताऱ्या फिशर कोळ्याने आपली एकुलती एक नाव विकून मुलाला, योखेनला, डॉक्टर केलं होतं. आता म्हाताऱ्याच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तशी त्याची बायको आन्के टोपलीभर धुरावलेले मासे घेऊन, दोन दिवस पायपीट करून पोराला आणायला रोस्टॉक शहरात आली. योखेनने कधीतरी कळवलेलं हिरवं दार तिने ठोठावलं.

मोलकरीण दारात आडवी उभी राहिली. "योखेन फिशर? आजी, घर चुकलात! इथे डॉक्टर पिस्काटोरियस राहतात. विद्यापीठात शिकवतात म्हटलं! आणि ती टोपली जरा लांब धरा."

"अगं, माझा पोरगा आहे तो! योखेऽऽन!"

वरच्या खोलीत विद्यार्थ्यांना शिकवणारा आवाज क्षणभर थांबला. मग दुप्पट जोराने लॅटिन बोलू लागला. आन्केला आवाज ओळखीचा वाटला, पण भाषा मेली परकी! प्राध्यापक झालं की आडनावसुद्धा लॅटिन करून घेतात, फिशरचं पिस्काटोरियस होतं, हे कोळ्यांच्या वस्तीत कुणाला ठाऊक असणार?

ती तशीच माघारी फिरली.

"योखेन नाही सापडला हो," नवऱ्याचे पाय चेपत ती म्हणाली. "तिथे कुणी डॉक्टर पिस्काटोरियस राहतात. केवढं मोठं नाव आहे त्यांचं!"

म्हाताऱ्याने खोकला आवरला, तोंड पुसलं आणि तो हळहळला,



"एवढ्या नावासाठी बिचाऱ्या बापाने किती नावा विकल्या असतील गं!"