निवळलेलं पाणी

“नदी अजून चहासारखी गढूळ आहे रे. आठवडाभर तरी गळ टाकायचं नाव काढू नकोस,” पुंडलिकच्या गळांच्या दुकानात शिरता शिरता डुमिंग म्हणाला.

पुंडलिकने मान डोलावली. गुडघा दुखावल्यापासून नदीची खबर त्याला डुमिंगकडूनच कळायची. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की पहिला गळ दोघांनी मिळूनच टाकायचा, हा त्यांचा तरुणपणापासूनचा शिरस्ता.

डुमिंगने टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. गळाची ओली माशी त्याने नेहमीसारखी टोपीलाच टोचून वाळत घातली होती. माशांना भुलवायची, कोंबड्याच्या पिवळ्या पिसांची ती नकली माशी पुंडलिकनेच बांधलेली. आता तिची पिसं माशांच्या दातांनी विस्कटली होती, दोरा उसवला होता. गढूळ पाण्यात ती कुठल्या माशाला दिसलीसुद्धा नसती.

“अशीच आणखी एक बांधून दे. पाणी निवळलं की जाऊच आपण!”

पुंडलिकने तिथल्या तिथे नवा गळ घेऊन त्यावर माशी बांधली. इतकी देखणी माशी त्याच्या हातून आजवर झाली नव्हती. डुमिंग चहा सांगायला वळला, तेव्हा पुंडलिकने पक्कड उचलली आणि नव्या माशीच्या पिसांआड लपलेलं गळाचं टोक तोडून टाकलं.

“घे,” तो म्हणाला, “पाणी निवळेपर्यंत जपून ठेव.”