रेघेच्या वर

फळ्यावर तीन नावं लिहून कारकुनाने खाली रेघ मारली. सरकारी दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं पाच, त्यातली चालू तीन. रेघेच्या वरच्यांना आज यंत्र मिळणार, खालच्यांनी सोमवारी यायचं. तिसरं नाव बाकावरच्या म्हातारीचं होतं. मागच्या खेपेला यंत्र बंद पडलं आणि ती तशीच परत गेली होती. आज तिचे पाय इतके सुजले होते की चपला मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याने फळा दोनदा वाचला आणि म्हणाला, "आज आहे बरं का तुझं नाव."

तेवढ्यात कारकुनाची आई आली, आपल्या धाकट्या बहिणीला हाताला धरून. बहिणीला धाप लागली होती.

"मावशीचं नाव वर घे."

"आई, तिचा नंबर सोमवारी आहे."

"मी काय चोरी करायला सांगतेय? आपल्या माणसाचं काम कर म्हणतेय. तू तापाने फणफणलास तेव्हा हीच रात्र-रात्र जागली ना?"

हे खरंच होतं. आणि आईने जन्मात कधी कुणाच्या काडीला हात लावला नव्हता, हेही खरं.

कारकुनाने तिसरं नाव पुसलं, तिथे मावशीचं लिहिलं. पुसलेलं नाव रेघेखाली लिहिताना खडू दोनदा मोडला.

म्हातारा उठून खिडकीशी आला. आता हा चार शब्द सुनावणार, म्हणून कारकुनाने एक थाप जुळवून ठेवली. पण आतून त्याला वाटत होतं, ओरडावं याने. एकदा तरी कुणीतरी ओरडावं.

"आई का तुझी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो."

"शब्द राखलास तिचा. बरं केलंस." त्याने बाकाकडे पाहिलं. "आमचा पोरगा इथे असता, तर मीही त्याला हेच सांगितलं असतं."

कारकुनाला मान वर करवेना.

म्हातारी भिंतीला धरून उठली. दाराशी थांबून तिने कारकुनाच्या आईच्या तोंडावरून हात फिरवला.

"नशीबवान गं बाई तू," ती म्हणाली, आणि चपला हातात घेऊन अनवाणीच पायऱ्या उतरू लागली.