मुठीतला टॉर्च

बोगद्याच्या कामावरच्या मुकादमाने नवा टॉर्च फरशीवर आपटला, पाण्याच्या बादलीत बुडवला आणि मग लावून मुठीत धरला. चौथ्या मिनिटाला तो चटके देऊ लागला आणि उजेड निम्म्यावर आला.

"मुद्दाम खुसपट काढताय तुम्ही," विक्रेता तणतणला. "अंगठ्याएवढा आहे, पण अर्धा किलोमीटर उजेड फेकतो. तुमच्या साहेबांना पसंत पडलाय."

"साहेब आत जात नाहीत. माझी माणसं जातात."

"मग काय, स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

"नको. हा घेऊन एकटेच बोगद्याच्या टोकापर्यंत जाऊन या. आलात की लगेच सही करतो."

विक्रेत्याने बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सोबत तुमचा एखादा जुना टॉर्च द्या."